विहिरीची साक्ष

"ढोंगी माणूस ओळखायचा कसा?" हिवाळे सरांनी विचारलं, आणि खोलीत बसलेल्या आम्ही सात जणांनी मनातल्या मनात सात जणांची नावं घेतली. स्वतःचं कुणीच घेतलं नाही. मीही नाही, उगाच खोटं कशाला बोलू?

एकोणीस वर्षं झाली त्याला. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाचे दिवस, मार्च महिना, आणि चर्चच्या मागची पत्र्याची संडे स्कूलची खोली. संध्याकाळचे पाच वाजले तरी पत्रा तापलेलाच असायचा. आमच्या पाळकसाहेबांची बदली झालेली, नवे अजून यायचे होते. म्हणून बंधुवर्गानं, म्हणजे चर्चमधल्या आम्हा पुरुषांच्या गटानं, आपापलंच ठरवलं होतं, की ईस्टरच्या आधीचे चार शनिवार एकच विषय घ्यायचा, विश्वास आणि ढोंग. विषय सरांनी काढलेला. एलिया हिवाळे सर म्हणजे मिशनच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर आणि आमचे अध्यक्ष. त्यांची प्रार्थना सुरू झाली की घरी चुलीवरचा भात करपायचा. मी सेक्रेटरी. सेक्रेटरी म्हणजे खोली झाडायची, सतरंजी टाकायची, न येणाऱ्यांना घरी जाऊन बोलवायचं आणि गीत उचलायचं. दिवसभर एसटीच्या वर्कशॉपमध्ये गाड्यांखाली झोपून आल्यावर हे सगळं करायचा मला मनापासून कंटाळा यायचा, पण नाही म्हणायची सवय नव्हती.

गीत उचलणं म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. आमच्याकडं माणूस साक्ष द्यायला उभा राहिला की तो कुठं जाईल याचा नेम नसतो. देवानं माझं कसं भलं केलं इथून गाडी निघते आणि भावकीच्या बांधावर जाऊन रुतते. अशा वेळी 'बसा खाली' म्हणणं बरं दिसत नाही. मग सर माझ्याकडं बघून चष्मा काढायचे. चष्मा निघाला की मी खंजिरीवर थाप मारायचो, गीत सुरू करायचो, सगळे टाळ्या वाजवत मागून यायचे, आणि बोलणारा 'आमेन' म्हणून बसून जायचा. दुसऱ्या शनिवारी सॅम्युएल ठोंबरे आपल्या मेव्हण्याच्या ढोंगाबद्दल बोलता बोलता मेव्हण्याच्या बायकोवर घसरला, तेव्हा असंच केलं. माझा आवाज चांगला होता. तेवढीच एक गोष्ट माझ्याकडं चांगली होती, असं बायको म्हणायची.

पहिल्या शनिवारी बायबलातल्या ढोंगी धर्मपंडितांवर, परूशांवर, तासभर चर्चा झाली. प्रत्येक जण नाकानं कांदे सोलत होता. शेवटी सर म्हणाले, "बंधूंनो, ढोंग बघायला लांब जायला नको आणि खरा विश्वास बघायलाही लांब जायला नको. आपले नाना बघा."

सगळ्यांनी दाराकडं बघितलं. दाराजवळच्या स्टुलावर नाना बसलेले होते. गुडघ्यांमुळं त्यांना सतरंजीवर बसता यायचं नाही. शांतवन चक्रनारायण, मिशनच्या दवाखान्यातले जुने कंपाउंडर. वय सत्तरच्या घरात, अंगावर कायम इस्त्रीचा पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं. सरांनी नाव घेतल्यावर त्यांनी मान खाली घातली. नम्रपणा म्हणून घातली असं आम्हाला वाटलं.

नानांची साक्ष आमच्या तालुक्यात पोराटोरांना पाठ होती. दरवर्षी ईस्टरला ते ती द्यायचे. तरुणपणी नाना गोदावरीच्या पलीकडं एका खेड्यात राहायचे आणि अट्टल दारू प्यायचे. एका ईस्टरच्या पहाटे मंडळी अंधारात गात गात कबरस्थानाकडं निघालेली, आणि नाना रात्रीचे प्यालेले, वाटेवरच्या बिनकठड्याच्या विहिरीत पडले. गळ्याएवढं पाणी. वरून गाण्याचा आवाज जवळ आला. नाना ओरडले. "आणि बंधूंनो, गाणं थांबलं!" असं म्हणून नाना थांबायचे. सगळी मंडळी श्वास धरून बसायची. "गाणं थांबलं आणि वरून दोर आला." बाया पदर डोळ्याला लावायच्या.

त्या साक्षीनं आमच्या गावात पाच-सहा माणसं सुटली. त्यातला एक मी.

मी अकरा वर्षं प्यालो. करुणा, माझी बायको, दोनदा माहेरी गेली, दुसऱ्यांदा पोरीला घेऊन गेली ती वर्षभर आली नाही. तेव्हा नानांनी मला धरलं. चाळीस दिवस रोज संध्याकाळी सहाला माझ्या दारात हजर. सहा ही वाईट वेळ. वर्कशॉप सुटतं आणि पाय आपोआप बाजारातल्या गुत्त्याकडं वळतात. नाना माझं मनगट धरून मला उलट्या दिशेला, कॅनॉलवर फिरायला न्यायचे. मी शिव्या द्यायचो. ते म्हणायचे, "दे, दे. विहिरीतला माणूस काय स्तोत्रं म्हणणार आहे?" मी विचारायचो, "नाना, तुमची तलफ कधी गेली?" ते म्हणायचे, "मी इथं उभा आहे ना? मग तूही राहशील." बस, तेवढ्या एका वाक्यावर मी उभा होतो. नानांना जमलं तर मला जमेल. करुणा परत आली त्याला त्या मार्चमध्ये तीन वर्षं होत होती. तरी मी दारात आलो की ती अजून डबा घ्यायच्या निमित्तानं जवळ यायची आणि माझा वास घ्यायची. मला कळायचं. मी गप्प उभा राहायचो.

तर शेवटच्या शनिवारच्या आधीचा बुधवार. मी आणि नाना कॅनॉलवर फिरत होतो. नाना मध्येच पुलाच्या कठड्यावर टेकले.

"बन्यामीन," ते म्हणाले. एरवी मला बन्या म्हणणारा माणूस. "मी कधी प्यालो नाही रे."

मला वाटलं, थट्टा करतायत. "हो, आणि मी पण दूधच पीत होतो."

"थट्टा नाही. एक थेंब नाही. जिभेला चवसुद्धा माहीत नाही."

मी हसलो, मग हसायचा थांबलो, मग मला राग आला. 

"मग विहीर?"

"विहीर होती."

"कोण होतं विहिरीत?"

"ते शनिवारी सांगतो. एकदाच सांगायचंय, सगळ्यांच्या देखत. तुला आधी सांगितलं ते एवढ्यासाठी की तुला तिथं एकदम धक्का बसू नये."

"वा! फार उपकार केलेत!" मी ओरडलोच. "चाळीस दिवस मला धरून फिरवलंत तेव्हा लाज नाही वाटली? मी तुम्हाला विचारत होतो, सहा वाजता काय करायचं, तलफ कशी मारायची, आणि तुम्ही सांगत होतात! कशाच्या जोरावर सांगत होतात?"

"बघितलं होतं," नाना म्हणाले. "रोज बघितलं होतं, घरात."

"बघणं वेगळं."

"वेगळंच आहे, बाबा. म्हणून तर दमलो." त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. "तीन शनिवार तुम्ही सगळे ढोंगाबद्दल बोलताय आणि सर माझ्याकडं बोट दाखवतात. घरी गेलो की जेवण जात नाही. किती वर्षं ओढायचं हे? मला आता बसायचंय."

मी त्यांच्या हातापाया पडलो. खरंच पडलो, पुलावर माणसं येत-जात असताना. म्हणालो, "नाना, सांगू नका. मेल्यावर देवाला सांगा, पण इथं नको. तुमच्याकडं बघून पाच माणसं उभी आहेत. तुम्ही बसलात की आम्ही पडतो. आम्ही काय शास्त्र वाचून सुटलो का? आम्ही तुमच्यामुळं सुटलो."

"माझ्यामुळं नाही रे सुटलात."

"मग कुणामुळं?"

नाना कठडा धरून उठले आणि घराकडं चालायला लागले.

मी त्या दिवशी कॅनॉलवरून सरळ घरी गेलो नाही. बाजारात गेलो. गुत्त्याच्या समोर पंक्चरचं दुकान होतं, तिथल्या बाकावर बसलो. उघड्या दारातून ओळखीचा वास येत होता. डोक्यात एकच चाललेलं, की तो कधी प्यालाच नव्हता, म्हणजे ही वाट चालून कुणी पलीकडं गेलेलंच नाही, म्हणजे पलीकडं काही नाहीच. मी दोनदा उठलो. दोनदा बसलो. पंक्चरवाला म्हणाला, "मामा, कुणाची वाट बघताय?" मी म्हटलं, "माझीच." आणि घरी आलो. करुणानं डबा घेतला, जवळ आली, आणि काही न बोलता आत गेली. मी दारातच खाली बसलो. मला रडायला आलं.

शनिवारी पाचला मी सतरंजी टाकली. सात जण जमले. सरांनी प्रार्थना केली, लांबच केली, आणि म्हणाले, "आज शेवटचा शनिवार. आज दुसऱ्याचं नाही, स्वतःचं बोलायचं. कोण उठतं?"

कोण उठणार? ठोंबरे छताकडं बघायला लागला. एकानं घसा साफ केला आणि पुन्हा गप्प बसला. मग दाराजवळचं स्टूल वाजलं. नाना भिंतीला धरून उभे राहत होते.

"वा नाना!" सर म्हणाले. "तुमच्याकडं काय असणार सांगण्यासारखं? पण बोला, बोला."

नानांनी एकदा माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. नको म्हणून हलवली. त्यांनी नजर काढून घेतली.

"बंधूंनो," ते म्हणाले, "माझी साक्ष तुम्हाला माहीत आहे. ईस्टरची पहाट, ती विहीर." आवाज नेहमीसारखा नव्हता, बारीक येत होता. "तुम्ही ती पुष्कळदा ऐकली. मी ती पुष्कळदा दिली. पण त्या पहाटे विहिरीत जो..."

मी खंजिरीवर थाप मारली.

सरांनी चष्मा काढला नव्हता. कुणी मला खूण केली नव्हती. मी आपणहून डोळे मिटले आणि गीत उचललं, टाळ्यांचं, विजयाचं, सगळ्यांना येणारं. पट्टी इतकी वर धरली की गळ्याच्या शिरा ताणल्या. पहिल्या ओळीला ठोंबरे आला, दुसऱ्या ओळीला सगळे आले. त्यांना वाटलं नानांचा कंठ दाटला, बन्यामीननं सांभाळून घेतलं. पत्र्याची खोली सात माणसांच्या टाळ्यांनी घुमायला लागली. तीन कडवी झाली. संपलं म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. डोळे उघडायची मला भीती वाटत होती.

उघडले तेव्हा नाना स्टुलावर बसलेले होते. ते गात नव्हते.

"आमेन," सर डोळे पुसत म्हणाले. "असा विश्वास! नानांना शब्द फुटेना. पण ईस्टरला आपण त्यांची साक्ष ऐकूच."

सगळे गेले. मी सतरंजी गुंडाळली, कुलूप लावलं. नाना बाहेर पायरीवर चपला घालत होते. मला वाटलं शिव्या देतील. द्याव्यात असंही वाटत होतं.

"पट्टी फार वर लावलीस आज," नाना म्हणाले.

"चुकून लागली."

"चुकून नाही. पट्टी वर धरली की खालचं ऐकू येत नाही. मला माहीत आहे ते. मीही धरली होती."

मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसलो.

"देवदान माझा धाकटा भाऊ," ते म्हणाले. "तो प्यायचा. मी दवाखान्यात कंपाउंडर, मंडळीत पंच, पहाटेच्या फेरीत गीत उचलणारा मी. त्या ईस्टरला मोठ्या गावाहून पाहुणे पाळक आले होते. आम्ही गात निघालो आणि वाटेत त्याची हाक आली. 'दादा!' म्हणून. मला वाटलं पडला असेल कुठं तरी गटारात, आता पाहुण्यांसमोर उठून येतो आणि सगळ्यांत माझी शोभा करतो. नेहमीचंच होतं त्याचं. मी आवाज चढवला. मागचे सगळे चढले. त्यानं पुन्हा हाक मारली, मी आणखी चढवला. मग त्याची हाक आली नाही. मी मनात म्हटलं, बरं झालं, झोपला."

समोर ठोंबरे सायकलवर टांग टाकून जाता जाता ओरडला, "सलाम नाना!" नानांनी हात वर केला.

"कबरस्थानात उपासना झाली, पुनरुत्थानावर संदेश झाला. परत येताना उजाडलं होतं. विहिरीच्या काठावर त्याची एक चप्पल होती."

 मी विचारलं, "मग तुम्ही ते स्वतःचं म्हणून का सांगितलंत?"

"सांगायला उभा राहिलो ते त्याचंच सांगायला. महिन्याभरात बदली मागून इकडं आलो होतो, इथं कुणाला ठाऊक नव्हतं. पुढच्या ईस्टरला पाळकांनी साक्ष विचारली. उठलो, आणि तोंडातून आलं, मी विहिरीत होतो. पुढं आलं, गाणं थांबलं. मग दोर आला." नानांनी हाताचे तळवे बघितले. "तेवढ्यापुरता तो वर यायचा रे. दर वर्षी एकदा. मला दुसरा कुठला रस्ता सुचला नाही त्याला काढायला."

"चला आत," मी उठलो. "चला, मी सरांना बोलावून आणतो, ठोंबऱ्याला आणतो, सगळ्यांना आणतो. आता सांगा. मी तोंड उघडत नाही."

"नको."

"नाना, मी चुकलो. पाया पडतो तुमच्या."

"बुधवारी पडलास की. सारखं काय?" ते थकल्यासारखं हसले. "मी एकदा उभा राहिलो होतो, बन्या. सगळा जोर लावून. आता गुडघे उठत नाहीत." मग म्हणाले, "बुधवारी बाजारात गेला होतास ना?"

"बाहेर बसलो होतो. आत नाही गेलो."

"बरं केलंस," म्हणाले, आणि माझ्या खांद्याला धरून उठले. त्यांना घरापर्यंत पोचवलं. 

ईस्टरला चर्च भरलेलं. साक्षीच्या वेळी सरांनी नानांचं नाव पुकारलं. मी बाजाच्या पेटीजवळ पुढच्या रांगेत, शेजारी करुणा आणि पोरगी. नाना उभे राहिले. तेच खेडं, तीच पहाट, तीच बिनकठड्याची विहीर. गळ्याएवढं पाणी. वरून गाण्याचा आवाज जवळ आला. "मी ओरडलो," नाना म्हणाले, आणि थांबले.

नेहमी थांबायचे त्यापेक्षा जास्त थांबले. मंडळी वाट बघत होती. नाना माझ्याकडं बघत होते. रागानं नाही. विचारत होते. मी पायरीवर म्हटलं होतं, आता सांगा, मी तोंड उघडत नाही, तर आता सांगू का? मी नुसती मान हलवायची होती. हो म्हणून. तेवढंच काम होतं. माझ्या डाव्या हाताला करुणाचा हात लागत होता. आमच्या रांगेत, मागच्या रांगांत ती बाकीची माणसं होती, नानांच्या साक्षीनं सुटलेली. मी खाली बघितलं, आपल्या बुटांकडं.

"आणि बंधूंनो," नाना म्हणाले, "गाणं थांबलं."

त्यानंतर सहा वर्षं त्यांनी ती साक्ष दिली, अगदी शेवटच्या ईस्टरला खुर्चीत बसून दिली. गेले तेव्हा नव्या पाळकसाहेबांनी कबरेवर तीच विहीर सांगितली. मी गीत उचललं नाही, घसा बसलाय म्हणालो. दुसऱ्यानं उचललं.

मी त्या शनिवारनंतरही आजवर थेंबाला शिवलो नाही. सहा वाजता पाय अजून वळतात, वय झालं तरी. मग मला स्टुलाजवळ उभा असलेला तो म्हातारा आठवतो, त्याचं वाक्य अर्ध्यात तोडलेलं, आणि ते मी तोडलेलं. दुसऱ्याचं तोंड बंद करून मी सुटलो. आता वरून पिऊ कसा? मंडळीत लोक पोराबाळांना माझं उदाहरण देतात. बन्यामीन मकासरेचा विश्वास बघा म्हणतात.